पनवेलच्या परसातला आश्विन

पडवळ वेलीवर लटकू लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने एक लहान दगड बांधायचा. नाही बांधला तर पडवळ वेडंवाकडं वळतं, विळीवर नीट येत नाही. दगड सुपारीहून जरा मोठा असला की पुरतो. फार जड झाला तर देठ तुटतो, हलका पडला तर पडवळ वळतंच. पनवेल तालुक्यात कोन, पळस्पे, शिरढोण, आपटा या पट्ट्यातल्या जुन्या घरांमागे भाद्रपदात मांडवाखाली असे दगड लोंबताना दिसत. आश्विन निम्मा सरला की वेल थकत, पानं पिवळी पडत आणि दगड एकेक करून सुटत. पाऊस संपला हे सांगायला एवढी खूण पुरेशी होती.

या घरांच्या परसाची मांडणी बहुतेक ठरलेली असे. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू आणि केळी. चुलीतली राख दुधी-भोपळ्याच्या आळ्यात. विहिरीच्या कडेला प्राजक्त, जास्वंद, अबोली. कुंपणावर वाल, अबई नाहीतर घोसाळी. तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीच्या रोपांना. हे सगळं बायका आणि म्हातारी माणसं सांभाळत. गावठाणातल्या या जागेचा शेतातल्या पीकपाहणीशी संबंध नव्हता, त्यामुळे परसात काय कधी फुललं आणि कधी वाळलं याचे सरकारी कागद नाहीत.

इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातल्या रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून आपल्या वाडीतल्या ऋतुबदलांच्या तारखा लिहून ठेवायला सुरुवात केली. पहिलं फूल कधी, पहिलं पान कधी, कोकिळा कधी आली, अशा या नोंदी त्याच्या वंशजांनी १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानमध्ये क्योतोच्या चेरीचा बहर नवव्या शतकापासून रोजनिशांत आणि दरबारी कागदांत सापडतो. पनवेलकडच्या परसात ही नोंद वहीत झाली नाही, सणांत झाली. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचा प्रत्येक सण परसाकडे, बांधाकडे काहीतरी मागतो, आणि जे मागतो ते त्याच सुमाराला तयार झालेलं असतं. झाडांकडे बघायचं ते सणासाठी, आणि सण आला की काय बघायचं ते आपोआप ठरे. परसाचा इतिहास शोधायचा तर तो या मागण्यांच्या यादीतच शोधावा लागतो.

कोन हे गाव या शोधाला सोयीचं आहे. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे बोरघाटाने पुण्याला जायचं, हा जुना मार्ग. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल-खोपोली वाट बैलगाड्यांनी गजबजली. पनवेलला १८५२ मध्ये नगरपालिका आली ती बंदर आणि या वाटेवरच्या व्यापाराच्या बळावर. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि वाटेचं महत्त्व घटलं, पण वाट मोडली नाही. तीच पुढे मुंबई-पुणे महामार्ग झाली. पळस्प्याहून पुण्याकडे निघालं की तिच्यावर कोन लागतं. परसातला माल बाजारात जाण्याची वाट हीच, आणि पुढे बाजारातला माल परसाच्या जागी येऊन बसला तोही याच वाटेने.

यादी सुरू होते ऋषिपंचमीपासून. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नेम. नांगराखालच्या जमिनीतलं धान्य नको, भाजी नको. मग उरतो तो हाताने खणलेला परस. अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, ओली मिरची, चिंच असं सगळं एका पातेल्यात शिजतं आणि ऋषीची भाजी होते. कोणत्या घरी काय घालतात यात फरक आहेत, पण अळवाशिवाय आणि वेलभाजीशिवाय ती होत नाही. या एका पातेल्यात पावसाळी परसाची पूर्ण हजेरी लागते. दुधीला फळ धरलं नाही, माठाला कीड लागली, तर ते त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळतं.

मग गौरी येतात. कोकणात अनेक घरी गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. बांधावरून, विहिरीजवळून तेरड्याची झाडं मुळासकट उपटून आणायची, त्यांची मोळी बांधून तिला साडी नेसवायची. तेरडा हा खास पावसाळी. श्रावण-भाद्रपदात त्याला भर असतो. त्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात आणि बी दूर उडतं, म्हणून झाडं उपटली तरी पुढच्या वर्षीची पेरणी आधीच होऊन गेलेली असते. परसातली हळद तोवर कमरेएवढी झालेली असते. तिच्या पानांत पातोळ्या वाफवायच्या. माघारी गेलेल्या गौरींबरोबर तेरड्याचा रंगही जातो. पुढच्या पंधरवड्यात तो बांधावर वाळून उभा असतो.

इथून पुढे परसाकडे बघायला चंद्राची तिथी एकटी पुरत नाही. पावसाची गणना सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. सूर्य २७ सप्टेंबरच्या आसपास हस्तात जातो, १० ऑक्टोबरच्या सुमाराला चित्रात, २४ ऑक्टोबरच्या सुमाराला स्वातीत. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर माथेरानच्या अंगाने काळं आभाळ, गडगडाट आणि तासाभरात सगळं संपलेलं. पाटावर हत्ती मांडून भोंडला खेळायचे दिवस हेच. अगस्त्याच्या, म्हणजे हादग्याच्या, झाडाला पांढरी बाकदार फुलं लागायला सुरुवात होते तीही याच सुमाराला. ती फुलं निवडताना आतला कडू दांडा काढून टाकायचा आणि मग भाजी नाहीतर भजी करायची.

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबर झाली. चौपाटीवर हा फरक किरकोळ वाटेल. परसात मात्र आठ-दहा दिवसांचा पाऊस म्हणजे झेंडूच्या कळ्या कुजणं, मिरचीची फुलं गळणं आणि पालक-मेथीचे वाफे करायला उशीर.

हादग्याच्या झाडाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो अगस्त्याचा ताराही शरदाचाच. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त अगस्त्याच्या उदयाला स्वतंत्र अध्याय दिला. हा तारा पहाटे दक्षिणेला दिसू लागला की गढूळ पाणी निवळतं, असा जुना समज. पनवेलच्या आभाळात श्रावण-भाद्रपदात ढगच इतके असतात, की अगस्त्य उगवून गेला तरी दिसत नाही. पाऊस ओसरून पहाट मोकळी होते तेव्हा तो दक्षिणेला चांगला वर आलेला असतो, आणि विहिरीचं पाणीही तोवर खरोखरच निवळलेलं असतं. ताऱ्यामुळे पाणी निवळत नाही, गाळ वाहून आणणारा पाऊस थांबल्यामुळे निवळतं. पण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात दिसतात, म्हणून एकीवरून दुसरी ओळखता येते.

आयुर्वेदाने याच पाण्याला हंसोदक म्हटलं: दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निववलेलं, अगस्त्याच्या उदयाने निर्मळ झालेलं. शरदात पित्त खवळतं, म्हणून कडू-गोड-तुरट खावं असं वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तली ऋतुचर्या सांगते आणि शरदाच्या पथ्यात साळीचा भात, मूग, आवळा, पटोल, मध यांची नावं घेते. महाराष्ट्रातले वैद्य पटोल म्हणून कडू पडवळ वापरतात. ग्रंथातला हा उपदेश पनवेलला नुसता पोथीत राहिला नव्हता. कृष्णशास्त्री पुराणिक या वैद्यांनी १८७२ मध्ये श्री धूतपापेश्वर ही आयुर्वेदिक औषधांची संस्था पनवेललाच सुरू केली. आसपासच्या डोंगरांत आणि परसांत वाढणाऱ्या झाडांना बाटलीतल्या औषधाची ओळख देणारं हे गाव होतं.

नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, मध्ये पाण्याचा घट. पाझरणाऱ्या पाण्यावर नऊ दिवसांत धान्य रुजतं आणि दसऱ्याला ते पिवळसर कोंब टोपीत, पागोट्यात खोवले जातात. सूर्यप्रकाशाशिवाय वाढल्यामुळे ते पिवळे असतात. कोणतं बी कसं उगवलं हे घरात बसल्याबसल्या दिसतं, आणि रब्बीची तयारी दारात आलेली असताना ते उपयोगीही पडतं.

याच नऊ दिवसांच्या उपासाच्या ताटात परसाच्या इतिहासाचं एक वेगळंच पान सापडतं. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, ज्या कसाव्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. ऋषीच्या भाजीतला मका आणि लाल भोपळाही तिकडचाच. आश्विनात डोळे उघडणारं सीताफळ तिकडचं, तिन्हीसांजेला उमलणारी गुलबाक्षी तिकडची. पोर्तुगीजांनी रायगड जिल्ह्यातल्या चौलला १५२१ मध्ये ठाणं मांडलं आणि जवळपास सव्वादोनशे वर्षं ते टिकवलं. त्यांच्या जहाजांच्या येण्याजाण्यातून ही झाडं पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या वनस्पती आणि औषधांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. नव्या झाडांना परसात जागा देताना कोणी त्यांचं मूळ गाव विचारलं नाही. ज्या सणाच्या दिवसांत ती तयार झाली त्या सणाची ती झाली.

झेंडूचं सगळ्यांत नवल आहे. तो मेक्सिकोचा. तिकडे त्याला सेंपासूचिल म्हणतात आणि १ व २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या आठवणीसाठी घरादाराला, थडग्यांना त्याच फुलांनी सजवतात. ते दिवस आपल्या दिवाळीच्या आगेमागे येतात. उंच वाढणारा झेंडू दिवस लहान होऊ लागले की लवकर कळी धरतो, मग जमीन मेक्सिकोची असो की पनवेलची. दसऱ्याला तोरण झेंडूचं असावं हे कोणत्याही जुन्या ग्रंथाने सांगितलेलं नाही. ते फुलाने आपल्या वेळेवर येऊन स्वतः मिळवलेलं स्थान आहे.

पण दसरा एका तारखेला येत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. २०२४ मध्ये तो १२ ऑक्टोबरला आला, २०२५ मध्ये थेट २ ऑक्टोबरला. म्हणजे तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. बियाणं टाकल्यापासून महिन्याभरात रोप लावणीला येतं आणि लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत फूल हाती येतं. त्यामुळे झेंडू लावणाऱ्याला आषाढातच आश्विनाचं पान उघडावं लागतं. लवकरच्या दसऱ्याला फूल पावसात भिजतं, उशिराच्या दसऱ्याला पहिला बहर आधीच ओसरायला लागलेला असतो. चंद्राच्या तिथीचा सण आणि सूर्यावर चालणारं झाड यांची गाठ घालणं, हेच परस राखणाऱ्याचं खरं कसब होतं. ते लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही सहज करत, कारण सणाची तिथी पंचांगवाल्याकडून कळत होती आणि नक्षत्रं शेताच्या कामांमुळे तोंडपाठ होती.

आश्विन पौर्णिमा शहरात कोजागिरी, कोकणात नवान्न पौर्णिमा. हळवं भात तोवर कापणीला येतं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं किंवा वरीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचा तुरा आणि झेंडूचं फूल एकत्र बांधून जुडी करतात. त्याला नवं बांधणं म्हणतात. दाराला, तुळशीला, विहिरीला, अवजारांना अशी जुडी बांधायची आणि नव्या तांदळाची खीर करायची. शेत आणि परस इथे एका दोऱ्यात येतात. लोंबी शेतातली, फूल परसातलं, कुरडू दोहोंच्या मधल्या बांधावरचा.

पनवेलमध्ये ही खीर आणखी एका समाजाच्या घरी शिजत होती. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचं पनवेलचं बेथ एल हे सिनेगॉग १८४९ चं. अलिबागला जन्मलेले हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी जुन्या सणांची जी मराठी नावं नोंदवली त्यांत तिश्री महिन्यातला खिरीचा सण आहे. नवं धान्य आणि नारळाचा रस घालून केलेली खीर हा त्या दिवसाचा मान. ज्यूंचं पंचांगही आपल्यासारखंच चंद्र-सूर्य दोघांना धरून चालतं आणि एकोणीस वर्षांत सात महिने वाढवतं. त्यामुळे फांद्या-पानांचं छप्पर घालून साजरा होणारा त्यांचा मांडवाचा सण, सुक्कोथ, बऱ्याच वर्षी कोजागिरीच्याच चांदण्यात सुरू होतो. २०२४ मध्ये दोन्हींची संध्याकाळ १६ ऑक्टोबर होती, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबर. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक महिना आल्याने दोहोंत महिन्याचं अंतर पडलं. दोन वेगळ्या धर्मांचे शेजारी एकाच पौर्णिमेला नव्या पिकाचा सण करत होते, कारण दोघांच्याही सणांना शेवटी सूर्य आणि पीकच ठिकाणावर ठेवत होतं.

कोजागिरी झाली की मांडव उतरवायचा. वाळलेल्या वेली काढून आळ्यात कुजायला टाकायच्या. घोसाळं, दुधी, शिराळं यांचं एकेक चांगलं फळ बियाण्याला म्हणून आधीच वेलीवर सोडलेलं असे. ते वाळून खडखडू लागलं की पडवीत टांगायचं, आणि बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. मक्याची कणसं चुलीवर धुरात टांगायची, म्हणजे कीड लागत नाही. मेढी आणि काठ्या पुसून माळ्यावर जात. त्या काठ्या आणण्याची जागा होती डोंगर. ब्रिटिश अमलात जंगलं राखीव झाली आणि मांडवाची काठी, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजण्यासाठी, फांद्या, जळणासाठी लाकूड या रोजच्या गरजा गुन्हा ठरू लागल्या. २५ सप्टेंबर १९३० रोजी, म्हणजे ऐन शरदाच्या तोंडावर, उरण तालुक्यातल्या चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या माळावर लोकांनी जंगल सत्याग्रह केला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. या लढ्यामागे स्वराज्याची हाक होती, आणि घरामागच्या मांडवापर्यंत पोचलेली अडवणूकही होती.

दिवाळीच्या आधी अंगणाचं काम निघतं. चार महिन्यांत शेवाळ आणि गवत माजलेलं अंगण खणायचं, ढेकळं फोडायची, नवी माती घालून पाणी मारायचं, चोपण्याने चोपून सपाट करायचं आणि शेणाने सारवायचं. चोपताना कोपऱ्यापासून सुरुवात करून मागे सरकत यायचं, म्हणजे आपलीच पावलं ओल्या मातीत उमटत नाहीत. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीसमोर कारिट पायाच्या अंगठ्याने फोडायचं. हे कडूजहर रानटी फळ पावसाळी वेलीवर बांधावर धरतं आणि नेमकं या दिवसांत पिवळं पडतं.

कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचं लग्न. उसाचा मांडव, वृंदावनात चिंचा आणि आवळे. अनेक घरांत तोवर नवा आवळा, चिंच, बोर, ऊस तोंडात घालायचा नाही असा नेम असे. त्यामुळे फळ कच्चं ओरबाडलं जात नाही, पोसायला वेळ मिळतो. तुळस स्वतःही तेव्हा मंजिऱ्यांनी भरलेली असते. शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी आईची एक आठवण सांगितली आहे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय आई त्यांना जेवायला वाढत नसे. पावसाळ्यात या नेमाला काही अर्थ उरत नाही, आभाळच पाणी घालतं. आश्विनापासून मात्र माती तडकू लागते आणि मुलाच्या हातचा तो तांब्या तुळशीला खरोखर लागतो.

दिवस लहान होण्याचा परसावर काय परिणाम होतो याचं शास्त्र १९२० मध्ये पुढे आलं. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं, की काही झाडं दिवसाची लांबी मोजतात आणि ठरावीक मर्यादेखाली ती आली की मगच फुलतात. शेवंती त्यांतलीच. गावठी वालही त्यांतलाच. पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाशी टाकलेला वाल कितीही फोफावला तरी फुलावर येतो तो दिवस आखडल्यावर. भात कापल्यावर ओलीवर टाकलेला शेतातला वालही थंडीत भरतो. पौष-माघात भांबुर्डीचा पाला घालून मडकं उपडं करून केलेली पोपटी ही त्या शेंगांची. रायगडच्या घरांनी वालाला घाई कधी केली नाही. त्याची वेळ त्यांना गार्नर-अ‍ॅलार्डच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

झाडांशिवाय इतरही खुणा होत्या. पाऊस थांबता थांबता अंगणावर चतुरांचे थवे भिरभिरतात. त्यांतला पिवळसर चतुर मोठा प्रवासी. चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये दाखवून दिलं, की ऑक्टोबरपासून मालदीव बेटांवर उतरणारे लाखो चतुर भारताकडून येतात आणि वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडे निघालेले असतात. लिंबाच्या झाडावर याच दिवसांत पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडतात. त्यांतल्या काही पुढे हिरव्या होऊन नीलवंत फुलपाखरू बनतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. सप्टेंबरपासून शेपटी हलवणारे धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन अंगणात उतरतात.

अशा गोष्टी वहीत लिहायची सवय या किनाऱ्यावर आणली ती मुख्यतः मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला घराशेजारच्या सुगरणींची वसाहत पावसाळाभर पाहिली आणि नर एकामागून एक घरटी विणत अनेक माद्यांशी घरोबा करतो हे उघड केलं. कोनपासून जवळच असलेलं कर्नाळा १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. मराठीत दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामहिन्याने निसर्ग पाहायला शिकवलं. आता 'सीझनवॉच'सारख्या उपक्रमात देशभरचे विद्यार्थी आणि नागरिक आठवड्याला एक झाड पाहून पान, फूल, फळ यांची नोंद करतात. अशा नोंदी वीस-तीस वर्षं साठल्या तरच पाऊस लांबल्याने हादगा किंवा प्राजक्त खरंच सरकला का, हे आकड्यांत सांगता येईल. सण वेळ सांगतो. मागल्या वर्षीपेक्षा किती दिवस इकडेतिकडे झालं, ते मात्र तो लक्षात ठेवत नाही.

परस कमी होत गेला तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल-उरणकडच्या शेतीवर नवी मुंबई उभी राहू लागली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू झाला. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घाटावरचा झेंडू टेम्पोंमधून खाली उतरतो आणि पनवेल, दादरच्या बाजारात ढिगांनी विकला जातो. कारिटं, आपट्याची पानं, तेरड्याच्या मोळ्या, उसाची कांडी, सगळं बाजारात मिळतं. आपट्याच्या नावाखाली दुसऱ्याच झाडांची पानं खपतात, कारण विकत घेणाऱ्याने आपटा उभा पाहिलेला नसतो.

कोनमध्ये मात्र उलट दिशेनेही काही घडलं आहे. २ डिसेंबर २०१६ रोजी म्हाडाने इथल्या उंच इमारतींमधल्या जवळपास २,४०० घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी काढली. करोनाच्या काळात या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि चाव्या हाती यायला अनेकांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने ज्यांचं आयुष्य बदललं त्या पिढीतले कितीतरी जण मूळचे कोकणातले, साताऱ्याचे, कोल्हापूरचे. गिरणगावच्या चाळीत कठड्यावर डब्यात तुळस लावायची सवय त्यांच्या घरांना होतीच. ३२० चौरस फुटांच्या घराला परस मिळत नाही, खिडकीची जाळी मिळते. तुळस, ओवा, कढीलिंब, गवती चहा, मिरची आणि एखादा झेंडू तिच्यात मावतो.

अशा कुंडीला शरद वेगळ्या रीतीने कळतो. पश्चिमेची खिडकी असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात मातीचा गोळा दुपारपर्यंत कोरडा होतो, त्यामुळे पाणी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं घालावं लागतं. रस्त्याचा दिवा रात्रभर खिडकीवर पडत असेल तर शेवंतीची रात्र लहान होते आणि कळ्या लांबतात. तिला अंधाऱ्या बाजूच्या खिडकीत ठेवलं की फरक पडतो. लिंबाच्या कुंडीवर अळी दिसली तर फवारा मारण्याआधी ती नीलवंताची असू शकते, हे ध्यानात घ्यायला हवं. पडवळ मोठ्या कुंडीत जाळीवर चढतं, फक्त दगड बांधताना तो खालच्या मजल्यावर पडणार नाही अशी गाठ घालावी लागते.

दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर गणित जुनंच आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दसरा २० ऑक्टोबरला, पाऊस परतण्याच्या हवामान विभागाच्या सरासरी तारखेनंतर बारा दिवसांनी. बी जुलैच्या मध्यावर टाकावं, आडोशाला ठेवावं म्हणजे पावसाचा मार बसत नाही. ऑगस्टच्या मध्याला रोपं मोठ्या कुंडीत लावावीत, हातभर वाढली की शेंडा एकदा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुलं वाढतात. हस्ताच्या पावसात कुंडीतून पाणी निथळतं ना ते बघावं. कुंडीवर पेरणीची आणि पहिल्या कळीची तारीख खडूने लिहून ठेवली, तर पुढच्या वर्षी दसरा आणखी सरकेल तेव्हा बी कधी टाकायचं ते ठरवायला ती उपयोगी पडेल.